उद्धार कशाचा?

उल्हासनगरात कापडाचा व्यापार असलेले एक वृद्ध गृहस्थ त्या रविवारी नातीसह अंबरनाथला वालधुनीकाठच्या शिवमंदिरात गेले होते. मनावर ओझे होते. मूळ गावच्या जुन्या देरासराचा जीर्णोद्धार ठरला होता. जुने सारे उतरवून संगमरवरी मंदिर उभारायचे, असा आराखडा होता. विश्वस्त म्हणून त्यांची सही तेवढी उरली होती.

शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर शिलाहार राजा मांवाणीच्या काळातील. काळ्या दगडाच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या; पण अनेक मूर्ती भंगलेल्या, झिजलेल्या आणि शिखराचा माथा नाहीसा. तरीही महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते.

“येथे नवे शिखर का चढवत नाहीत?” त्यांनी विचारले.

वास्तुशास्त्र शिकणारी नात म्हणाली, “मूळचे कसे होते हे नक्की कळल्याशिवाय चढवले, दादाजी, तर ते आपल्या कल्पनेचे शिखर होईल.”

मग तिने बोस्नियातील बान्या लुका शहराची हकीकत सांगितली. उस्मानी तुर्कांच्या अमलात १५७९ मध्ये बांधलेली तेथील फरहादिया मशीद ७ मे १९९३ रोजी, युद्धाच्या काळात, सुरुंगाने उडवण्यात आली. तिचे दगड कचऱ्यात फेकले गेले. पुढे ते शोधून काढण्यात आले. जाणकारांनी जुन्या दगडांच्या मूळ जागा ओळखल्या, उरलेले नवे घडवले आणि २०१६ मध्ये मशीद पुन्हा उघडली.

“त्यांनी फेकलेले दगड वेचून आणले,” नात हळूच म्हणाली, “आणि आपण शाबूत दगड फेकायला निघालो आहोत.”

वृद्ध गृहस्थ निरुत्तर झाले. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, हे त्यांनी व्याख्यानांत कितीदा तरी ऐकले होते. पण उद्धार जीर्णाचा करायचा, की जीर्णापासून आपली सुटका? देरासराचा मधोमध झिजलेला उंबरठा त्यांना आठवला. चार पिढ्यांच्या पावलांनी तो झिजला होता. त्यांत त्यांच्या आईचीही पावले होती.

घरी परतल्यावर त्यांनी सही केली नाही. संघाला पत्र लिहिले: आधी प्रत्येक दगड तपासून घ्यावा, जो टिकेल तो जागेवर राखावा, जो टिकणार नाही तोच बदलावा, या तपासणीचा खर्च आपल्याकडे लागला.

संघ काय ठरवील, हे त्यांना ठाऊक नव्हते. परंतु त्या रात्रीच्या प्रतिक्रमणात त्यांचे चित्त कित्येक दिवसांनी स्थिर झाले.