गोडाऊनमधला गोंगाट

येत्या शनिवारी खामगावात माझ्या मामेभावाचा आणि त्याच्या मित्राचा कार्यक्रम आहे. एक गिटार, एक ड्रम. चाल गुणगुणण्यासारखी, पण वर एवढा खरखराट की आजीला वाटलं रेडिओ बिघडलाय. याला 'नॉइज पॉप' म्हणतात म्हणे.

मुंबईत अशा मंडळींसाठी 2007 साली ब्लू फ्रॉग निघालं (तेही 2016 ला बंद पडलं). आमच्याकडे आवाजाला तोटा नाही, वरातीतला डीजे आहेच. लहान जागा मात्र नाही. म्हणून मामाचं कापसाचं गोडाऊन. नवा कापूस यायच्या आत, आणि नियमाप्रमाणे रात्री 10 च्या आत!

नोकरी सोडल्यापासून मामा त्याच्याशी बोलत नाही. काल मला फोन. "खुर्च्या किती लागतील रे?"

"लोक उभेच राहतात, मामा."

"मग मी कुठं बसू?"