चार पेन्सिल सेल

गिटार घ्यायला निघालात तर लोक सल्ला देतात. पेडल घ्यायला निघालात तर भांडतात. ट्यूबशिवाय टोन नाही म्हणणारे एका बाजूला, आता सगळं डिजिटल झालं म्हणणारे दुसऱ्या. मधे एक शहाणा असतोच, जो ‘टोन शेवटी बोटांत असतो’ एवढं बोलून गप्प होतो, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर सात गिटारी टांगलेल्या असतात. मी चार महिने असे व्हिडिओ पाहिले. लोकलमध्ये उभ्याने, दीडपट वेगाने. सगळे वाजवणारे एकटे, बंद खोलीत, गालिच्यावर पेडल मांडून. मला वाजवायचं होतं मांडवात.

मी कल्याणला राहते. सोमवार ते शुक्रवार एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर लोकांचे पासवर्ड बदलून देते. लग्नसराईत शनिवारी-रविवारी एका ग्रुपबरोबर हळदीला गिटार वाजवते. आगरी-कोळी हळद तुम्ही पाहिली नसेल तर एवढंच सांगते, की लग्नापेक्षा हळद मोठी असते. भिवंडी, पनवेल, उरण, अलिबाग. गावाबाहेरचं मैदान, मांडव, आणि नाचायला आलेलं सगळं गाव. आमच्या ग्रुपमध्ये दोन गायक, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो आणि मी.

आता खरी अडचण. कीबोर्डमध्ये गिटारचं बटण असतं. ते दाबलं की स्वच्छ, सुरात, कधी तार न तुटणारी गिटार वाजते. गेल्या दिवाळीनंतर ग्रुप चालवणाऱ्या काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कीबोर्डवाला गिटार देतोच की गं. मग गाडीत एक माणूस कमी केला तर?” त्या एका माणसाचे एका रात्रीचे 2,000 रुपये होतात. त्यांचंही चूक नव्हतं, डिझेल महागलंय. पण तेव्हापासून माझ्या पेडलच्या शोधाला वेगळा अर्थ आला. गिटार कीबोर्डच्या बटणासारखी वाजणार असेल तर मी तिथे कशाला हवी?

तोवर मी गिटारची केबल सरळ मिक्सरमध्ये खुपसत होते. साउंडवाला सांगेल तेवढं वाजवायचं.

थोडं तंत्र सांगावं लागेल, कंटाळू नका. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक, आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, पण इतकी थोडी की मिलिव्होल्टमध्ये मोजावी. या बारक्या विजेला वापरण्याजोगी करतो तो प्रीअँप. तिला ढकलून स्पीकर हलवतो तो पॉवर अँप. गिटारचा स्वभाव, म्हणजे किती गोड, किती खरखरीत, किती नाकातला, हा बराचसा प्रीअँपमध्ये ठरतो. कोरस, डिले, रिव्हर्ब, वाह हे सगळे इफेक्ट म्हणजे पुढचा साजशृंगार. मल्टिइफेक्ट्स म्हणजे पायाशी ठेवायचा एक छोटा संगणक, ज्यात अनेक प्रीअँपच्या आणि इफेक्टच्या नकला गणितात बसवलेल्या असतात.

गंमत अशी, की ज्या खरखरीसाठी लोक लाखभर रुपये मोजतात ती मुळात बिघाडातून आली. लिंक रे या अमेरिकन गिटारवाल्याने 1958च्या ‘रंबल’साठी आपल्या अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती. मार्टी रॉबिन्सच्या 1961च्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या रेकॉर्डिंगला मिक्सरची एक वाहिनी बिघडली आणि बेस गिटारचा आवाज फाटला. तो फाटका आवाज लोकांना आवडला. मग तसाच आवाज काढणारी डबी बनली आणि 1962मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आली. ती फारशी कुणी विचारत नव्हतं. 1965ला रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वाजली आणि मग विचारायला लागले. म्हणजे आपण जे विकत घेतो ते साठ वर्षांपूर्वीचे नादुरुस्त अँप आहेत, नीट पॅक केलेले.

पण या सगळ्या व्हिडिओंत स्पीकरबद्दल कुणी फार बोलत नाही. मला ते समजावलं आमच्या बेंजोवाल्या दादाने.

हा बेंजो म्हणजे अमेरिकन लोकगीतांतला नव्हे. आपला बेंजो हा बुलबुल तरंग, आणि त्याचा पूर्वज जपानी. 1912च्या सुमारास नागोयात एकाने तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली, त्याला तैशोगोतो म्हणतात. ते समुद्रामार्गे इकडे आलं, त्याला पिकअप लागला, आणि मुंबईच्या गल्ल्यांत ते गणपती नाचवायला लागलं. दादाच्या बेंजोची केबल गिटारच्याच एका जुन्या प्रोसेसरमध्ये जाते. त्या प्रोसेसरचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला आहे. दादाने आयुष्यात एकही रिव्ह्यू पाहिलेला नाही.

त्याला मी मोबाइलवर एका महागड्या प्रीअँप पेडलचा आवाज ऐकवला. त्याने फोन कानाशी धरला, परत दिला. “चांगलाय. पण हा निघणार कुठून?”

“म्हणजे?”

“म्हणजे भोंगा कोणता? आवाज पेटीत नसतो गं. लोकांना भोंगा ऐकू येतो.”

हे मला अवघड पुस्तकात सापडलं असतं तर मी अधोरेखित केलं असतं. गिटारचा अँप म्हणजे लाकडी खोक्यातला बहुतेक वेळा 12 इंची स्पीकर. तो साधारण 5,000 हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. म्हणून खरखरीतले काचेसारखे टोकदार सूर तो गाळून टाकतो आणि आवाज भरदार वाटतो. मांडवातले टॉप मात्र माइकसाठी असतात. ते पार वरपर्यंत सगळं इमानदारीने वाजवतात. नुसतं डिस्टॉर्शन पेडल थेट त्यांत लावलं तर डालडाच्या डब्यात गांधीलमाशी सोडल्यासारखं ऐकू येतं. म्हणून अँप नसेल तिथे गिटारच्या स्पीकरचीही नक्कल लागते. ही गोष्ट जुनी आहे. टेक 21 कंपनीने 1989मध्ये ‘सॅन्सअँप’ काढला, त्याचं नावच ‘अँपविना’ असं आहे. 1998मध्ये लाइन 6चा ‘पॉड’ आला, राजम्याच्या दाण्यासारखा, लाल. दोघांचं म्हणणं एकच, अँप घरी ठेवा आणि सरळ मिक्सरला जोडा.

तेव्हापासून मी यादी शेवटाकडून करायला घेतली. शेवटी टॉप आहेत, म्हणून स्पीकरची नक्कल नसलेली सगळी पेडलं बाद. त्यात दोन इतकी सुंदर होती की अजूनही रात्री आठवतात.

उरला प्रश्न, एकच चांगला प्रीअँप की शंभर आवाजांचं मल्टिइफेक्ट्स? धोबी तलावच्या दुकानात जाऊन मी दोन्ही वाजवून पाहिली. अॅनालॉग प्रीअँपला बोटाखाली जो प्रतिसाद होता, हळू छेडलं की मऊ, जोरात मारलं की चिडका, तो मला फार आवडला. मल्टिइफेक्ट्स त्याच्या जवळ जातं, पण मला तरी थोडा फरक जाणवला. विलंबाचा जो बाऊ करतात तो मात्र फुकटचा. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. यंत्राने तीन मिलिसेकंद घेतले तर तुम्ही स्पीकरपासून एक मीटर मागे सरकलात एवढंच. मांडवात मी टॉपपासून वीस फुटांवर उभी असते.

पण हळदीत एका तासात काय काय वाजतं? कोळीगीताला कापरी, झगमगती गिटार. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्याला वाह. मग एखाद्या नवऱ्या मुलाच्या मित्रांची रॉकची फर्माईश. मग आईच्या हळदीच्या गाण्याला नुसती खड्या तारांची साथ, अकूस्टिकसारखी. गायक मधे श्वास घेत नाही, गाण्याला गाणं जोडत जातो. मला एक पाय जमिनीवर ठेवावाच लागतो. दुसऱ्या पायाने एका दाबात पूर्ण वेश बदलायला हवा. इथे प्रीअँप हरला. मनाला लागलं, पण हरला.

घरचीही अट होती. बाबा रात्रपाळी करून सकाळी आठला येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. दोन खोल्यांच्या घरात अँप लावून सराव म्हणजे त्यांची झोप गेली. म्हणून हेडफोनची सोय हवीच. हेडफोनवर बांधलेला आवाज मांडवात तसाच राहत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933मध्येच हे मोजून ठेवलंय. घरी भरलेला वाटणारा खर्ज तिथे ढगांसारखा गडगडतो आणि ढोलकीच्या अंगावर जातो. मी घरी फक्त क्रम बांधते. खर्ज-तीव्र साउंड चेकला ठरवते, दादाला समोर मैदानात उभं करून.

आता शेवटची अट, जी एकाही व्हिडिओत कुणी पहिल्या पाच मिनिटांत सांगितली नाही. वीज.

मांडवात वीज जनरेटरची असते. त्याच तारेवर लाइटच्या माळा, आइसक्रीमचा फ्रीझर, फॉग मशीन. अर्थिंगचं नाव काढू नका. एका हाताने गिटारच्या तारा धरून ओठ माइकला लागले आणि चटका बसला, हे माझ्या ओळखीच्या प्रत्येक गिटारवाल्याने अनुभवलंय. स्वस्त अॅडाप्टर लावला की गिटारमधून सतत ‘हंऽऽ’ येतं. आणि जनरेटर ट्रिप होतो. रात्रीतून एकदा तरी होतोच. तो परत चालू झाला की मोठी डिजिटल युनिट संगणकासारखी आधी जागी होतात. लाखाच्या वरच्या युनिटलाही हे चुकलेलं नाही. स्क्रीनवर नाव येतं, पट्टी सरकते, आणि हजार माणसं तुमच्याकडे बघत असतात.

म्हणून मी विचारायला लागले, सेलवर चालतं का? दुकानातला मुलगा हसला. सेलवर तर लहान मुलांची खेळणी चालतात, म्हणाला. पण चालणारी युनिट आहेत. बॉसचं ‘जीटी-1’ हे त्यातलं एक. चार पेन्सिल सेल, साधे, किराणा दुकानात मिळणारे. तीन स्विच आणि एक पायपट्टी. वजन इतकं कमी की गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात मावतं, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये हा मुद्दा टोनपेक्षा मोठा आहे. आउटपुट कुठे जाणार ते आत निवडता येतं, अँपला की सरळ लाइनला. म्हणजे दादाचा प्रश्न त्यांनी मेनूतच घातलाय. तीन स्विच मला कमीच वाटतात, आणि अंधारात मेनूत शिरणं हा छळ आहे. तरी ठाण्याच्या एका कॉलेजच्या मुलाकडून 11,500 रुपयांना जुनं घेतलं. त्याला मेटल वाजवायचं होतं, मोठं युनिट हवं होतं. पायपट्टीवर त्याच्या बुटाचा ठसा अजून आहे.

अॅडाप्टर मी लावतच नाही. सेलवर ते ‘हंऽऽ’ बरंचसं गेलं. दर कार्यक्रमाला नवे चार सेल, आणि जुने घरातल्या घड्याळांना. आमच्या घरातली घड्याळं सध्या फार वेळेवर आहेत.

फेब्रुवारीत उरणजवळच्या एका गावात साडेनऊच्या सुमारास जनरेटर बसला. मांडव काळा झाला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइलचे टॉर्च लागले. ढोलकीवाला थांबला नाही. माइक गेला तरी तो तसाच वाजवत राहिला, आणि पुढच्या चार-पाच बायका तशाच नाचत राहिल्या. दोन-तीन मिनिटांनी वीज आली. आमचा मिक्सर जुना, साधा, तो लगेच जिवंत झाला. कीबोर्डच्या स्क्रीनवर अजून कंपनीचं नाव उमटत होतं. ऑक्टोपॅडवाला बटण दाबून वाट बघत होता. माझ्या पायाशी तो छोटा पडदा कधी विझलाच नव्हता.

मी ढोलकीच्या ठेक्यावर सुरावट उचलली. कापऱ्या आवाजात, तार ओढून, एका सुरातून दुसऱ्यात घसरत. बटणाला अशी तार ओढता येत नाही. दुसऱ्या आवर्तनाला दादा बेंजो घेऊन आला, मग गायकाने माइक उचलला. कीबोर्ड आला तेव्हा अर्धा अंतरा झाला होता. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, नाचणाऱ्यांचं कशाला लक्ष असतं?

काकांचं होतं की नाही, माहीत नाही. रात्री गाडीत त्यांनी पाकीट दिलं आणि पुढच्या शनिवारचं गाव सांगितलं. दोन नवी गाणी बसवायचीत. एकात सुरुवातीला सनई आहे. कीबोर्डवाला म्हणाला, मी देतो. मी म्हटलं, थांब, आधी माझी ऐक. बोटाऐवजी स्लाइड, पायपट्टीवर व्हॉल्यूम, थोडा डिले. बाबा झोपलेत, म्हणून हेडफोनवर करतेय. अजून सनई झालेली नाही, पण मांजरही राहिलेलं नाही.