घळींच्या वाटा

गडांवर चढणारे पुष्कळ. घळींत उतरण्यासाठीं घर सोडणारे थोडे. शिखरावरून परतलेल्या मनुष्याजवळ चारचौघांत सांगण्यासारखें कांहीं तरी असतें. घळींतून आलेल्यास मात्र ‘तेथें काय पाहिलें?’ या प्रश्नाचें उत्तर देतां देतां पुरेवाट होते. वर हातभर आकाश, पायांखालीं घरंगळलेले धोंडे व दोन्ही अंगांस ओलसर काळा कातळ, एवढेंच तें काय! तरीहि दिवाळी होऊन ओढ्यांचें पाणी ओसरलें, कीं आमचे पाय आपसूक सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीकडे वळतात.

हा डोंगर म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या अग्निरसाचे एकावर एक थिजलेले थर. थिजतांना कातळास भेगा पडल्या, भेगांत पाणी शिरलें. आणि कोंकणाकडील उतार उभा असल्यामुळें त्या पाण्यास करवतीची धार आली. घाटमाथ्यावरून तळकोंकणांत उतरण्याच्या कित्येक वाटा माणसांनीं अशाच फटींतून पाडल्या. लिंगाण्याच्या खांद्याशीं नेणारी बोराट्याची नाळ किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याच्या बगलेनें चढणारी नळीची वाट घ्या. तेथें हातांचीं बोटें पायांइतकींच चालतात.

रतनगडाजवळील साम्रद गांवची सांदण घळ याहून निराळी. सपाट भूमीस एकाएकीं चीर पडावी तशी ती उघडते व तळाशीं ऊन जेमतेम पोंचतें. आतां हिवाळ्यांत शनिवारीं-रविवारीं तेथें तंबूंची दाटी असते. साम्रदच्या घरांत त्यामुळें चार पैसे आले, आणि तें आम्ही मुळींच वाईट मानीत नाहीं.

परंतु आमच्या मनांत घोळते ती दुसरीच एक घळ. ती मावळांत आहे. नांव येथें देत नाहीं. तिच्या तोंडाशीं कातळाच्या पोटांत एक डोह आहे. २०२४ सालच्या माघांत एका वृद्ध धनगर बाबांच्या मागोमाग आम्ही तिकडे गेलों. डोह दिसण्याअगोदरच बाबांनीं बजावलें, “पाव्हणं, पान्यात पाय नगा घालू. चैत-वैशाखात समदी वाडी ह्येच पिती.” आम्ही कपार धरून कडेनें पलीकडे गेलों.

परततांना वाडींत बाबांचा नातू भेटला. मोठा चलाख मुलगा. म्हणाला, “काका, तुम्ही मासिकात लिहिता ना? मग आमच्या घळीचं लिहा की. लोक आले तर मला पुण्याला राबायला जावं लागणार नाही.” बाबा ओसरीवर तंबाखू मळीत बसले होते, ते कांहीं बोलले नाहींत.

वाडींत नळ नाहीं. नळ येईल त्या दिवशीं घळीचें नांव, गांव, वाट सर्व लिहूं, असें आम्ही त्या मुलास कळविलें. त्याचा उलट निरोप आला: “नळाचं मागून बघू. तुम्ही आधी लिहा.”