जाणाऱ्या कोचचं कोण ऐकतं?

डोंबिवली (पूर्व)
5 मार्च 2025

चि. मन्या,


परवा "आत्या, जाणाऱ्या कोचचं कोण ऐकतं?" असं म्हणालास आणि ठाणे आलं म्हणून फोन ठेवून मोकळा झालास. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकले. असलं बोलून वर उत्तर ऐकायला न थांबणं ही तुझी जुनी खोड. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. हे सगळं वाच, जिन्यात उभ्या उभ्या नको, घरी बसून वाच.

तू विचारलंस ते एवढंच: घोडबंदर रोडच्या अकादमीत एप्रिलपासून रुजू व्हायचंय, कॉलेजचे सामने अजून बाकी आहेत, तर आत्ताच राजीनामा द्यावा की शेवटपर्यंत थांबावं? थांब. याला दुसरं उत्तरच नाही. नोकरी बदलतोयस याचं मला वाईट वाटत नाही. पगार चांगला आहे, सूनबाईंचे दिवस भरत आलेत, जायलाच हवं. वाईट वाटलं ते तू ओघात बोलून गेलास त्याचं. "आता वेळ कमी उरलाय, त्यामुळे शेवटच्या चौघांची नेटमधली बॅटिंग बंद केलीय." हे तू इतक्या सहज कसं म्हणालास रे? आप्पांचा नातू ना तू? भागशाळा मैदानावर ते स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसायचे, तेव्हा शेवटच्या गड्याची एकेरी धावसुद्धा पहिल्याच्या चौकाराइतक्या ठळक अक्षरात लिहायचे. ती बुकं तुझ्याकडेच आहेत. वाळवी लागू देऊ नकोस.

आधी तुझा दाखला बघू. मुंबईचे कोच ओमकार साळवी आयपीएलच्या बंगळुरू संघाकडे जाणार हे नोव्हेंबरातच जाहीर झालं, म्हणून मुंबईचं लक्ष उडालं आणि रणजी हातची गेली, असं तुझं म्हणणं. मन्या, हंगाम नीट आठव. तो सुरू झाला तेव्हा मुंबईनं लखनौला इराणी करंडक जिंकला, तोही 27 वर्षांनी. लगेच पुढच्या आठवड्यात बडोद्यानं रणजीच्या पहिल्याच सामन्यात 84 धावांनी पाडलं. तेव्हा साळवींच्या जाण्याचा कुठं पत्ता होता? बातमी आली 18 नोव्हेंबरला: मुंबईचा मार्चपर्यंतचा करार पुरा करायचा आणि मग बंगळुरूच्या गोलंदाजांकडे जायचं. त्यानंतर महिन्याच्या आत, 15 डिसेंबरला, त्याच बंगळुरूत मुंबईनं मध्य प्रदेशला हरवून मुश्ताक अली करंडक उचलला. जाणाऱ्या कोचचं कोणी ऐकत नसेल तर हे कोणाचं ऐकून झालं?

नागपूरच्या रणजी उपांत्य सामन्याचं म्हणशील तर तिथं विदर्भ सरस खेळला, एवढंच. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे काढले, दुसऱ्या डावात यश राठोडनं दीडशे केले, आणि आपण 80 धावांनी हरलो. त्याच विदर्भानं परवा रविवारी रणजी घेतली. समोरच्यानं चांगला खेळ केला की त्याचं श्रेय त्याला द्यावं. आपल्या हरण्याचं कारण घरातल्या भांडणात शोधू नये.

आता माझं ऐक. हसलास तरी चालेल, पण ऐक. संघ कसा घडलाय हे मी पहिल्या चार नावांवरून कधीच पाहत नाही. ती पोरं उपजतच खेळतात, कोच बदलला तरी खेळतील. कोच दिसतो तो आठव्या नंबरापासून खाली. तिथं जो उभा राहतो त्याच्यावर कोणीतरी वेळ खर्च केलेला असतो, आणि तो बहुधा कोणाला दिसलेला नसतो.

याच हंगामातलं बघ. जानेवारीत बीकेसीवर जम्मू-काश्मीरसमोर रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस सगळे असताना मुंबई 7 बाद 47. तिथून शार्दूलनं 51 केले म्हणून 120 तरी झाले. दुसऱ्या डावात 7 बाद 101, आणि पुन्हा शार्दूलच, 119. सोबत तनुष कोटियन 62. सामना गेला, पण त्या दोघांनी 184 धावा जोडल्या. पुढं ईडन गार्डन्सवर हरियाणाशी उपांत्यपूर्व सामना, मुंबई 7 बाद 113. मुलानी 91, कोटियन 97, आणि धावा 315. तो सामना आपण 152 धावांनी जिंकला. नागपूरला सगळं संपल्यातच जमा होतं, तरी मोहित अवस्थी आणि रॉयस्टन डायस या शेवटच्या जोडीनं पन्नासच्या वर धावा काढून विदर्भाला ताटकळत ठेवलं. जाणाऱ्या कोचचा संघ असा असतो. साळवी स्वतः एकच लिस्ट ए सामना खेळलेला माणूस, तोही रेल्वेकडून. मोठी खेळी नावावर नसलेल्या कोचकडे तळाची पोरं अशी लढली, याचा विचार कर.

आणि तू कल्याणचा असून तुला तुषार देशपांडे आठवू नये? गेल्या वर्षी फेब्रुवारीत बडोद्याविरुद्ध मुंबई 9 बाद 337 असताना तो अकराव्या नंबरवर गेला आणि 123 करून आला. पलीकडे दहाव्या नंबरचा तनुष नाबाद 120. शेवटच्या गड्यासाठी 232 धावा. दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही एकाच डावात शतक ठोकणं हे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी एकदाच झालं होतं: 1946 साली ओव्हलवर, सरेविरुद्ध. आपले चंदू सरवटे नाबाद 124 आणि शुटे बॅनर्जी 121, भागीदारी 249. आप्पा सरवट्यांचं नाव काढायचे तेव्हा तू कंटाळून गॅलरीत पळायचास. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी तीच गोष्ट आपल्या कल्याणच्या पोरानं केली. तुषार लहानपणी शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवडीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक होती, म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, असं त्यानंच सांगितलंय. त्या दिवशी त्याच्यातला फलंदाज कोणी कायमचा पुसून टाकला असता तर? तुझ्या शेवटच्या चौघांत असा कोण आहे हे तुला माहीत आहे का? मला तर वाटतं, कॉलेजच काय, शाळेच्या संघातही कोचची परीक्षा अकराव्या गड्यावरूनच घ्यावी, आणि पगारही त्यावरूनच ठरवावा. जमलं तर क्रीडा शिक्षकांच्या भरतीतही हेच विचारावं: तुमचा शेवटचा गडी कोण, आणि तो काय करू शकतो?

जाण्याचं म्हणशील तर जाणं वाईट नाही. कसं जावं हे आपल्या डोंबिवलीतच शिकायला मिळतं. अजिंक्य रहाणे लहान असताना इथून सीएसटीला लोकलनं खेळायला जायचा. त्याआधी मैदानापर्यंत त्याची आई एका हातात किटबॅग आणि कडेवर धाकटा भाऊ घेऊन चालत न्यायची, रिक्षाला पैसे नसायचे. लोकलच्या पहिल्या दिवशी वडील सोबत गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता तू एकटा जा. पोरगा गेला, आणि वडील मागच्या डब्यात बसून त्याच्यावर लक्ष ठेवून होते. हे अजिंक्यला नंतर कळलं. हात सोडला, पण नजर सोडली नाही. तू उलटं करतोयस. पगारपत्रकावर आहेस, मैदानावर उभा आहेस, आणि नजर आत्ताच घोडबंदरला.

रागावू नकोस. मी तुझ्याच काळजीनं लिहितेय. गेल्या महिन्यात सुभाष मैदानावर तुझा सामना बघायला आले होते, तेव्हा तुझा तो सडपातळ डावखुरा, अकराव्या नंबरचा, बाउंड्रीपाशी पॅड बांधून तासभर बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तुझी पाळी आली तर काय करशील. ते पोरगं टिटवाळ्याहून येतं म्हणालास ना? एवढी मोठी किटबॅग घेऊन सकाळच्या गर्दीत ते लोकलमध्ये चढतं कसं? दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दारात तर उभं राहत नाही? त्याला सांग, एक गाडी गेली तरी चालेल, उशिरा आलास तर मी रागावणार नाही. हे तू सांगायला हवंस. तुझ्या जागी येणारा हे सांगेल की नाही कोणास ठाऊक. येणार कोण, हे तरी ठरलंय का? की एप्रिलपासून ती पोरं मैदानाच्या कडेला नुसती उभी राहणार? मला त्याचीच धास्ती वाटते. परीक्षेच्या दिवसांत कोच गेला की तळाची पोरं पहिल्यांदा गळतात. चांगली पोरं दुसरा संघ शोधतात. उरलेली किट विकतात, आणि त्यांचं नाव पुन्हा कुठल्या स्कोअरबुकात येत नाही.

म्हणून सांगते. मुलांना समोर बसवून सांग की मी जातोय, का जातोय आणि कधी. व्हॉट्सॲपवर नको, तोंडानं सांग. प्रत्येकाचं काय सुधारलं आणि काय राहिलं ते वहीत लिहून नव्या कोचच्या हातात दे. प्राचार्यांना भेटून विचार, माझ्या जागी कोण. उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. आणि उद्याच्या नेटला पहिला पॅड त्या टिटवाळ्याच्या पोराला बांधायला लाव. त्याला अर्धा तास बॅटिंग दे, तुझ्या सलामीच्या फलंदाजाला थोडं थांबू दे.

सूनबाईंना जपायला सांग. तूही रोज रात्री वडापाव खाऊन झोपू नकोस, आवाज बसल्यासारखा वाटत होता. रविवारच्या सामन्याचा स्कोअर कळव. "जिंकलो" एवढा मेसेज पाठवलास तर मी उत्तर देणार नाही. अकराही जणांच्या धावा हव्यात.

तुझी,
आत्या