पोस्टमन ते प्रशिक्षक : झाँ तिगाना

फ्रान्समधील मार्सेय शहरात एक काळा, किरकोळ बांध्याचा तरुण आधी शेवयांच्या कारखान्यात राबत होता, मग पोस्टमन झाला. काम उरकले की फुटबॉल. त्याचे नाव झाँ तिगाना. आमच्या वाचकांच्या कितीतरी घरांतील वडीलमंडळी गिरणीत, गोदीत, टपाल खात्यात खपली. म्हणून या माणसाची ओळख आम्ही मैदानापासून न करता कारखान्यापासून करून देतो.

तिगाना यांचा जन्म २३ जून १९५५ चा, आफ्रिकेतील बामाको गावचा. आजचा माली देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. लहानपणीच ते कुटुंबासह मार्सेयला आले. पोटासाठी गाव सोडून शहरात येणे म्हणजे काय, हे आम्हांस कोणी सांगायला नको.

वयाच्या विसाव्या वर्षी तुलाँच्या क्लबने त्यांना घेतले. नामांकित खेळाडू या वयात नावारूपाला आलेले असतात. यांची तेव्हा सुरुवात होती. १९७८ मध्ये लिआँ, १९८१ मध्ये बोर्दो. दोन्हीकडे प्रशिक्षक एमे जाके, स्वतः तरुणपणी कारखान्यात काम केलेले गृहस्थ. बोर्दोने पुढे तीन वेळा फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले.

आणि मग २३ जून १९८४. युरोपीय स्पर्धेची उपांत्य फेरी, फ्रान्सविरुद्ध पोर्तुगाल. योगायोग पाहा, सामना मार्सेयलाच आणि दिवस तिगानांच्या वाढदिवसाचा. जादा वेळेत फ्रान्स मागे पडला, कसाबसा बरोबरीत आला. ११९ वे मिनिट. सगळ्यांचे पाय जड झालेले असताना हा माणूस चेंडू घेऊन उजवीकडून धावत सुटला आणि त्याने प्लातिनीकडे पास दिला. गोल! ३-२. फ्रान्सने ती स्पर्धाही जिंकली. ज्या शहरात पोस्टमनकी केली, त्याच शहराने त्यांना डोक्यावर घेतले.

आम्ही त्यांना पाहिले ते १९८६ च्या विश्वचषकात. चाळीत एकाच घरी टीव्ही. फ्रान्स-ब्राझील सामना रात्री उशिरा सुरू झाला. आम्ही सारे ब्राझीलच्या बाजूचे, कारण त्यांचे खेळाडू आपल्यासारखे दिसतात! पण निळ्या सदऱ्यातील तो काळा, सडपातळ माणूस अखेरपर्यंत धावताना पाहून आमची बाजू हळूहळू बदलली. पेनल्टीवर फ्रान्स जिंकला तेव्हा आम्हीच ओरडलो.

खेळताना सगळे टाळ्या वाजवतात. नेतृत्व द्यायची वेळ आली की हात आखडतात. आपल्याकडे पाळवणकर बाळूंचे उदाहरण आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या अस्पृश्य गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, ती गोष्ट निराळी. अन्याय झाला तो झालाच.

म्हणून प्रशिक्षक तिगाना आम्हांस खेळाडू तिगानांपेक्षा मोठे वाटतात. लिआँनंतर १९९५ मध्ये मोनॅकोची धुरा त्यांच्याकडे आली. १९९७ मध्ये फ्रान्सचे अजिंक्यपद. १९९८ मध्ये मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. त्यांच्या हाताखालचे ऑन्री, त्रेझेगे आणि बार्तेझ त्याच उन्हाळ्यात विश्वविजेते झाले. देशाचे प्रशिक्षक होते तेच जाके.

नंतर इंग्लंडमधील फुलहॅम. खेळाडूंच्या दातांची तपासणीसुद्धा करून घेणारा, दातात काडी धरून मैदानाकडेला उभा राहणारा हा शिस्तीचा माणूस लोकांना विचित्र वाटला. पण २००१ मध्ये १०१ गुण मिळवून त्यांनी त्या क्लबला १९६८ नंतर प्रथमच वरच्या श्रेणीत नेले. २००३ मध्ये त्यांना काढले गेले. खेळाडू-खरेदीवरून वाद झाला. तिगाना गप्प बसले नाहीत, न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे तुर्कस्तानात बेशिक्ताशसाठी त्यांनी २००६ व २००७ असे लागोपाठ दोन चषक जिंकले. २०१० मध्ये बोर्दोनेच बोलावले. तेथे मात्र जमले नाही, वर्षभरातच ते बाहेर पडले.

वस्तीतील मुलांना आम्ही हे सारे सांगितले. एकजण सकाळी कुरिअर वाटतो, संध्याकाळी खेळतो. त्याने चषकांबद्दल काही विचारले नाही. "पोस्टाची नोकरी सोडली तेव्हा घरचे काय म्हणाले?" एवढेच त्याने विचारले.