उजेडाचे भांडे

दुर्बीण हे उजेड गोळा करायचे भांडे आहे. पावसात अंगणात तांब्या ठेवला तर त्याच्या तोंडात पडेल तेवढेच पाणी साचते. शेजारी घंगाळ ठेवले तर त्याच सरीत त्याच्या कितीतरी पट पाणी जमते. ताऱ्यांचा उजेडही असाच रात्रभर पृथ्वीवर पडत असतो, फार विरळ आणि फार लांबून आलेला. काळोखाला सरावलेल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सुमारे ७ मिलिमीटर उघडते. तेवढ्याशा तोंडातून जे आत येईल, त्यावर नुसत्या डोळ्यांचे सगळे आकाश उभे असते. ६० मिलिमीटर व्यासाचे भिंग डोळ्याच्या सत्तरपट उजेड गोळा करते आणि १५० मिलिमीटरचा आरसा साडेचारशेपट. व्यास अडीचपट होतो तेव्हा उजेड सव्वासहापट होतो, कारण हिशेब तोंडाच्या क्षेत्रफळाचा असतो. म्हणून पहिली दुर्बीण निवडताना पहिला प्रश्न असा: या भांड्याचे तोंड केवढे आहे?

खोक्यावर मात्र बहुधा दुसराच आकडा ठळक छापलेला असतो. ५२५ पट मोठे दिसेल, ६७५ पट मोठे दिसेल, आणि त्याखाली शनीचे रंगीत छायाचित्र. हा आकडा कसा येतो ते समजले की त्याचा मोह सुटतो. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या, नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १७५ पट. मध्ये तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५ पट. गणितात चूक काहीच नाही. पण भिंग ६० मिलिमीटरचेच राहते, त्याने गोळा केलेला उजेडही तेवढाच राहतो. चमचाभर तूप अख्ख्या पंगतीला वाढायला निघावे तसा तो पातळ पातळ होत जातो, आणि शनीच्या जागी एक थरथरता, अंधुक पिवळा डाग उरतो. व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण दोन पट, ही उपयोगी विशालनाची मर्यादा मानतात. ६० मिलिमीटरला १२० पट. मोठ्या दुर्बिणीलाही वातावरणाची हालचाल सहसा दोनशे पटींच्या फारसे पुढे जाऊ देत नाही. ज्या खोक्यावर मोठेपणा ठळक आणि व्यास बारीक अक्षरात असतो, ते खोके दुकानातच ठेवावे.

उजेड गोळा करायचे मार्ग मुख्यतः दोन: भिंग आणि आरसा. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूच्या शेजारी चार चंद्र पाहिले ते भिंगांच्या दुर्बिणीतून, आणि तिचे विशालन जेमतेम वीसपट होते. शनीची कडी मात्र त्याला उमगली नाहीत. ग्रहाच्या दोन बाजूंना दोन लहान गोल चिकटल्यासारखे त्याला दिसले. आजची ७० मिलिमीटरची साधी, चांगल्या भिंगाची दुर्बीण गॅलिलिओच्या दुर्बिणीहून कितीतरी स्वच्छ दाखवते. भिंगाची अडचण अशी की ते वेगवेगळे रंग थोडे वेगवेगळ्या ठिकाणी एकवटते, त्यामुळे चंद्राच्या कडेला किंवा गुरूभोवती जांभळट झालर दिसते. दोन जातींच्या काचा जोडून ही झालर बरीच कमी करतात, पण भिंग मोठे आणि नळी आखूड असेल तर ती पुन्हा डोकावतेच. न्यूटनने १६६८ च्या सुमारास भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा वापरला तो यासाठीच. त्याचा आरसा जेमतेम सव्वा इंचाचा होता, पण सगळे रंग एकाच जागी परततात ही त्याची खूण कायमची ठरली.

घेणाऱ्याच्या दृष्टीने फरक सरळ आहे. भिंगाची दुर्बीण हलकी, बंदिस्त, फारशी देखभाल न मागणारी. शहरातल्या बाल्कनीतून चंद्र आणि ग्रह पाहायचे असतील तर ७० ते ८० मिलिमीटरची अशी दुर्बीण चांगली सोबत करते. आरशाची दुर्बीण त्याच पैशात बरेच मोठे तोंड देते, आणि त्या बदल्यात अधूनमधून आपले दोन्ही आरसे एका रेषेत जुळवून घेते. हे जुळवणे दोन-तीनदा केले की दहा मिनिटांचे काम होते. त्याच्या भीतीने आरसा नाकारू नये. भिंग आणि आरसा दोन्ही वापरणाऱ्या आखूड, गुटगुटीत दुर्बिणीही मिळतात. त्या सुबक असतात, पण त्याच व्यासाला जास्त महाग. एका प्रकारापासून मात्र जपायला हवे. आरशाच्या दुर्बिणीवर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले आहे आणि नळी जेमतेम अर्ध्या मीटरची आहे, तर नेत्रिकेच्या नळकांड्यात एक दुरुस्तीचे भिंग बसवलेले असते. स्वस्त दुर्बिणींतली ही जोडणी प्रतिमा मऊ करून टाकते, आणि नवख्याला दोष आकाशाचा की दुर्बिणीचा हे कळतसुद्धा नाही.

व्यासाखालोखाल महत्त्व बैठकीचे, आणि निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. शंभरपट मोठे दिसते तेव्हा हातापायांचे कंपही शंभरपट मोठे होतात. बारीक ॲल्युमिनियमच्या तिपाईवर उभी असलेली दुर्बीण वाऱ्याच्या झुळुकीने थरथरते, फोकस फिरवायला बोट लावले की गुरू दृष्टिक्षेत्रात नाचू लागतो आणि तो थांबेपर्यंत सरकून बाहेर गेलेला असतो. पृथ्वी फिरतेच आहे: १२० पट विशालनाला नेहमीच्या नेत्रिकेत एखादा तारा या काठापासून त्या काठापर्यंत साधारण दीड-पावणेदोन मिनिटांत जातो. डळमळीत बैठकीवर ही दीड मिनिटे थरथरण्यातच संपतात.

या दुखण्यावर औषध काढले ते जॉन डॉब्सन यांनी. १९१५ मध्ये बीजिंगमध्ये जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात रसायनशास्त्र शिकलेले डॉब्सन १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघाच्या मठात, दाखल झाले. विश्व कसे आहे हे डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची ओढ साधनेचाच भाग होती. पैसा नव्हता, मग जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, जाड पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या आणि प्लायवुडच्या खोक्यात नळी अशी बसवली की तोफेसारखी ती वरखाली आणि गोल फिरावी. रात्री दुर्बीण घेऊन आसपासच्या लोकांना आकाश दाखवायला ते बाहेर पडत. त्यासाठी मठाबाहेर जाणे वाढत गेले आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि काही तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये वारले तोवर त्यांनी हेच केले. त्यांची रचना त्यांनी कधी स्वतःच्या मालकीची करून घेतली नाही. आज जगभर ती डॉब्सोनियन म्हणून विकली जाते, आणि नवख्या माणसाला यापेक्षा चांगली बैठक सुचवणे अवघड आहे. पैसा तिपाईत आणि दातेरी चाकांत न जाता आरशात जातो, हालचाल हाताची असते, आणि लाकडाचे खोके जमिनीवर बसलेले असल्यामुळे थरथर जवळजवळ नसते.

आकाशाच्या अक्षाबरोबर फिरणारी विषुववृत्तीय बैठक दिसायला शास्त्रीय वाटते आणि छायाचित्रणासाठी तिला पर्याय नाही. पण महाराष्ट्रात तिची एक वेगळी अडचण आहे. तिचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून त्या गावाच्या अक्षांशाइतकाच वर असतो. पुण्यात साडेअठरा अंश, म्हणजे शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. युरोप-अमेरिकेच्या चाळीस-पन्नास अंशांसाठी घडवलेल्या स्वस्त बैठकी इतक्या खाली वाकवल्या की कधीकधी त्यांचे समतोलाचे वजन तिपाईच्या पायाला अडते. पहिल्या दुर्बिणीसाठी हा खटाटोप नको.

मग आकार केवढा? १३० मिलिमीटर व्यासाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची, भक्कम स्टुलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन एका हाताने जिन्यावरून गच्चीत नेता येते. १५० मिलिमीटर आणि १२०० मिलिमीटरची दुर्बीण जमिनीवर उभी राहते, २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने ४८ पट आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिकेने १२० पट दाखवते, आणि अनेक वर्षे पुरते. २०० मिलिमीटरची आणखी खोल पाहते, पण तिचे वजन वीस किलोंच्या घरात जाते. लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबत असेल, पुढचे दोन जिने चढायचे असतील आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असेल, तर हे वजन महिन्यागणिक वाढत गेल्यासारखे वाटते. घर, जिना आणि आकाशाचा किती तुकडा दिसतो हे पाहून व्यास ठरवावा. व्यासासाठी घर बदलता येत नाही. पैसे कमी असतील तर कमकुवत दुर्बिणीपेक्षा १० × ५० ची द्विनेत्री, म्हणजे दहापट विशालन आणि ५० मिलिमीटरची भिंगे, कितीतरी अधिक देते. कृत्तिकांचा पुंजका किंवा पुष्य नक्षत्रातला तो धूसर ठिपका द्विनेत्रीत असा उमलतो की मोठ्या दुर्बिणीतही तो तसा मावत नाही.

पैसे देण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावलेला असावा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईचे खगोल मंडळ कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन घेत आले आहे. अशा एका रात्रीत चार-पाच प्रकारच्या दुर्बिणी शेजारीशेजारी पाहायला मिळतात, आणि कोणत्या दुर्बिणीत किती दिसते हा प्रश्न डोळाच सोडवतो.

दुर्बीण घरी आल्यावर पहिली भेट चंद्राची, आणि तीही पौर्णिमेला नव्हे. पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडते आणि सगळे सपाट दिसते; शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात. गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र लहान दुर्बिणीतही दिसतात, आणि संध्याकाळी एका बाजूला असलेला चंद्र पहाटेपर्यंत जागा बदललेला आढळतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीकडे अगदी धारेने वळलेली होती. दर पंधरा वर्षांनी असे होते. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत जात आहेत, आणि पन्नास पटींनाही ग्रहापासून सुटी दिसू लागतात. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली अरुंधती लग्नात नवरानवरीला दाखवण्याची रीत आहे. दुर्बिणीत तो वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो, आणि हे पाहिलेल्या माणसाला ती जोडी पुन्हा पूर्वीसारखी दिसत नाही.

रंगाची अपेक्षा मात्र आधीच सोडावी. मंद उजेडात डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, त्यामुळे मृग नक्षत्रातला तेजोमेघ छायाचित्रात गुलाबी असला तरी दुर्बिणीत राखाडी, फार तर हिरवट धुक्यासारखा दिसतो. देवयानी दीर्घिका तर नुसता लांबट डाग. पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघाला तेव्हा आफ्रिकेत माणसाचे पूर्वज दगडाची ओबडधोबड हत्यारे घडवत होते, आणि तोच उजेड, कुठल्याही पडद्यावरून न येता, थेट डोळ्यांत उतरतो. असे अंधुक काही पाहताना नजर त्याच्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा भाग मंद उजेड अधिक टिपतो. आणि काळोख हवा. शहराच्या दिव्यांत २०० मिलिमीटरचा आरसाही दीर्घिका उजळवू शकत नाही, तर घाटमाथ्यावरच्या अमावास्येला द्विनेत्रीसुद्धा पुरते.

गच्चीच्या स्लॅबने दिवसभर घेतलेली ऊब संध्याकाळी हवेत परत जाते आणि प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी हलते. आरसाही घरातून ऊब घेऊन आलेला असतो. म्हणून दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवावी, आणि शक्यतो मातीवर. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. एका क्षणात डोळा जातो. नेत्रिकेला लावायच्या काळ्या सूर्यकाचा तापून तडकतात, त्या टाकूनच द्याव्यात. सूर्य पाहायचाच तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास त्यासाठी केलेला फिल्टर लागतो.

जूनमध्ये ढग येतात आणि बहुतेक रात्री झाकल्या जातात. कोकणात आणि गोव्यात दमट हवेने भिंगांवर जाळीसारखी बुरशी धरते, ती काचेत उतरली की निघत नाही. म्हणून नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवतात, आणि पुड्या ओलावल्या की बदलतात. आरशावरची थोडी धूळ पुसायची नसते. धुळीने उजेड फारसा कमी होत नाही, पुसण्याने मात्र मुलामा ओरखडतो. बाहेर सरींवर सरी कोसळत असताना उजेडाचे हे भांडे तोंडाला झाकण लावून कोरड्या कोपऱ्यात उभे असते, दसऱ्याच्या आसपास आकाश धुऊन निघेपर्यंत.