धुराची परीक्षा

शाळा सुटली कीं परीक्षाही सुटल्या, अशी लहानपणीं आमची समजूत होती. पुढें अनुभवानें कळून आलें कीं परीक्षा सुटत नाहींत, त्यांचे विषय तेवढे बदलतात. संसारी मनुष्यास वरचेवर द्यावी लागणारी अशीच एक परीक्षा म्हणजे वाहनाच्या धुराची, जिला लोक पीयूसी म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील ११५ व्या नियमानें ती सर्वांच्या मागें लागली आहे. नव्या पिढीच्या गाड्यांस दाखला वर्षभर पुरतो, जुन्यांस सहाच महिने. म्हाताऱ्याची नाडी वैद्यानें वारंवार पाहावी, त्यांतलाच हा प्रकार.

आमच्या घरची उमेदवार म्हणजे १९९८ सालची चेतक स्कूटर. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव मिरविणारी ही गाडी बजाज कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणली, आणि कंपनीचें आकुर्डी आमच्या माण गांवाहून फार दूर नाहीं. तेव्हां ही सून जवळच्याच घरची म्हणावयाची. एके काळीं तिच्यासाठीं लोक नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहत. तीर्थरूपांनीं ती घेतली तेव्हां ती प्रतीक्षा संपली होती, परंतु मान संपला नव्हता. आतां पंधरा वर्षें उलटल्यामुळें नोंदणी पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. तरी तिला मोडींत घालण्याचा विचार निघाला कीं घरांत कोणीच बोलेनासें होतें.

तिचें यंत्र टू-स्ट्रोक जातीचें. त्याला वंगण वेगळें मिळत नाहीं. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें व पेट्रोलाबरोबरच जळतें. शिवाय जळालेला वायु बाहेर जाण्याची वाट आणि ताजें मिश्रण आंत येण्याची वाट कांहीं क्षण एकाच वेळीं उघड्या असतात, त्यामुळें थोडें पेट्रोल न जळतांच निसटतें. कायद्यानें मात्र वयाचा मान राखिला आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ४.५ पर्यंत व हायड्रोकार्बन दशलक्षांत ९००० भागांपर्यंत क्षम्य आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोक गाडीस तेच आंकडे ३.५ आणि ६०००.

एवढी सवलत असूनही यंदा पहिल्या खेपेस मोनॉक्साइडचा आंकडा ५.८ निघाला. केंद्रावरील तरुण मोठा दयाळू होता. "काका, नळी जरा बाहेर ओढतो, बाहेरची हवा मिसळली कीं आंकडा उतरेल," असें त्यानें हळूच सुचविलें. परीक्षेंत शेजाऱ्याची पाटी पाहण्याचाच हा मार्ग! आम्ही आभार मानून गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीनें एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला, आणि सायलेन्सर उतरवून विस्तवावर असा भाजला कीं आंत सांठलेली काजळी भुगा होऊन पडली. ऑइल मापानेंच घालण्याची ताकीद दिली. शेवटीं कार्बोरेटरचा स्क्रू कसून तो म्हणाला, "परीक्षेपुरता कसला आहे. पास झाली कीं पुन्हा सैल करून देतों. नाहींतर चढाला दम धरायची नाहीं."

हा दुसरा मोह पहिल्याहून सूक्ष्म होता, कारण यांत खोटें असें कांहींच नव्हतें. आंकडा खरा, दाखलाही खरा. फक्त तो एका दिवसापुरता खरा. आणि या परीक्षेवर एक आक्षेपही सहज सुचतो. नव्या नमुन्याच्या गाडीची प्रयोगशाळेंत परीक्षा होते तेव्हां तिला रुळांवर धांवावयास लावतात. आमच्या गाडीची परीक्षा ती उभी असतां होते. मग धांवत्या गाडीचा दोष उभ्या गाडींत कसा कळावा?

परंतु सकाळीं माणहून हिंजवडीच्या चौकाकडे जाऊं लागलें कीं या आक्षेपाचें उत्तर मिळतें. आयटी पार्ककडे निघालेल्या मोटारींच्या व कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दींत तेथें गाडी धांवत नाहींच. ती उभी राहून धपापत असते. म्हणजे परीक्षेंत जी स्थिति, तीच आमची नित्याची स्थिति! आणि आमच्या सायलेन्सरच्या तोंडाशीं कोण असतो? मागच्या दुचाकीवर बापाला बिलगून बसलेलें शाळकरी पोर, कडेला फुलें विकणारी बाई, चौकांत उभा हवालदार. आमच्या घरची आठवण त्यांनीं छातींत कां भरून घ्यावी?

आम्हीं मिस्त्रीस स्क्रू तसाच ठेवावयास सांगितलें. दुसऱ्या खेपेस आंकडा ३.४ आला. चढावर गाडी आतां थोडी कुरकुरते, आणि मागें बसलेल्या कुटुंबास क्वचित् उतरावें लागतें. शेजारी म्हणतात, २०२२ पासून त्याच आकुर्डींत विजेची चेतक बनूं लागली आहे. ती घ्या, धुराचा प्रश्नच मिटेल. त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि एक दिवस तें ऐकावेंही लागेल. तोंवर जुन्या गाडीवर प्रेम करावयाचें तर तिच्या धुराची जबाबदारीही पत्करली पाहिजे, एवढाच आमचा निश्चय आहे. सहा महिन्यांनीं तो पुन्हा तपासला जाईल, आणि तें योग्यच आहे.